ध्यास आणि स्वास्थ्य : मराठी चरित्रपर लेखनाच्या आधारे एक परीक्षण

गोरेगाव-मालाडच्या पूर्वेस द्रुतगती महामार्ग ओलांडून राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे जाऊ लागले की दिंडोशीची वस्ती लागते. एका अंगाला नागरी निवाऱ्याच्या इमारती, दुसऱ्या अंगाला संतोषनगरची दाट घरे आणि त्यांच्या शेजारी सुमारे ५२० एकरांवर पसरलेली चित्रनगरी. महाराष्ट्र शासनाने ही चित्रनगरी १९७७ साली स्थापन केली व २००१ साली तिला दादासाहेब फाळके यांचे नाव दिले. कामासाठी डोळे, दागिने व विम्याची पॉलिसी पणाला लावणाऱ्या माणसाचे नाव प्रवेशद्वारावर आहे. त्या द्वारातून रोज सकाळी आत जाणारे दिवेवाले, सेटचे सुतार, रंगभूषेचे मदतनीस व गर्दीच्या दृश्यात उभे राहणारे स्त्रीपुरुष यांतील बहुतेकांचा हिशेब मात्र पाळीचा आणि दिवसाच्या बोलीचा असतो. एकाच कामाशी असलेली ही दोन नाती ध्यानात घेतली म्हणजे, ज्याला आपल्या कामाची अंतःकरणातून हाक आली आहे तो माणूस अधिक सुखी असतो काय, हा मानसशास्त्रातील प्रश्न वाटतो तितका सरळ राहत नाही. त्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर अलीकडे बरेच लोकप्रिय झाले आहे. मराठीतील आत्मचरित्रे, आठवणी व चरित्रकथा यांच्या साक्षीने ते उत्तर तपासून पाहणे हा येथील हेतू आहे.

प्रथम त्या उत्तराचे स्वरूप पाहू. रॉबर्ट बेला व त्यांचे सहकारी यांनी १९८५ साली अमेरिकन समाजजीवनाचे विवेचन करताना कामाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी सांगितल्या : पोटासाठी केलेली नोकरी, बढतीसाठी केलेली कारकीर्द, आणि जीविताशी एकरूप झालेले कार्य. एमी रेझ्नेस्की व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली हीच विभागणी प्रत्यक्ष पाहणीस लावली. त्यांनी १९६ नोकरदारांना तीन वर्णने वाचावयास देऊन, आपले नाते कोणत्या वर्णनाशी जुळते ते विचारले. उत्तरे जवळजवळ सारख्या तीन गटांत पडली. त्यातही लक्षणीय गोष्ट अशी की, कचेरीतील साहाय्यकाचे एकच काम करणाऱ्या २४ जणांतही हीच तिहेरी वाटणी आढळली. आपले काम हेच आपले कार्य असे मानणारे लोक कामाबद्दल व एकंदर आयुष्याबद्दल अधिक समाधानी होते, आणि त्यांच्या गैरहजेरीचे दिवसही कमी होते. कार्यभाव हा व्यवसायात नसून माणसाच्या व्यवसायाशी असलेल्या नात्यात असतो, हा यातून निघालेला निष्कर्ष खरोखर मोलाचा आहे.

पण तो जेथपर्यंत जातो तेथपर्यंतच न्यावा. एकाच वेळी विचारलेल्या प्रश्नांवरून कार्यभावामुळे समाधान येते की समाधानी माणूस आपल्या कामाला कार्य म्हणू लागतो, हे ठरवता येत नाही. शिवाय प्रश्न विचारले जातात ते कामावर असलेल्यांना. ज्यांना हाक आली, पण ती झेपली नाही, जे मध्येच गळून पडले किंवा ज्यांना त्या कामाच्या उंबऱ्यातच शिरता आले नाही, त्यांची साक्ष या नोंदीत येत नाही. पुढील संशोधनाने ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्सन यांनी २००९ साली उत्तर अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांतील रक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही माणसे शिकलेली, पगार तुटपुंजा आणि काम घाणीचे. तरीही प्राण्यांची निगा राखणे हे आपले जन्मजात कार्य आहे, असे त्यांतील अनेकांना वाटत होते. अशांना आपल्या कामात अर्थ अधिक जाणवत होता, आणि त्याचबरोबर पगार, सुट्टी व आराम यांवर पाणी सोडण्याची त्यांची तयारीही अधिक होती. व्यवस्थापन आपल्या कर्तव्यात चुकते की काय याविषयी ते अधिक साशंकही होते. रायन डफी व त्यांचे सहकारी यांनी हाक ऐकू येणे आणि ती प्रत्यक्ष जगता येणे यांत भेद केला. समाधानाचा संबंध प्रामुख्याने दुसऱ्या गोष्टीशी असतो, आणि ती गोष्ट उत्पन्न व शिक्षण अधिक असणाऱ्यांच्या वाट्याला अधिक येते, असे त्यांना दिसून आले.

येथे शब्दांचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. इंग्रजीत व जर्मनीत या कल्पनेला जो शब्द आहे, त्याच्या मुळाशी 'बोलावणे' आहे. मार्टिन लूथरने केलेल्या बायबलच्या भाषांतरापासून तो शब्द सामान्य माणसाच्या रोजच्या धंद्यालाही लागू झाला, हे माक्स वेबर याने १९०४-०५ साली सविस्तर दाखविले. बोलावणे म्हटले की बोलावणारा आला. आणि बोलावणाऱ्याने बोलावले आहे एवढ्या खात्रीवर माणूस निश्चिंत होऊ शकतो. मराठीत या अर्थाने सहज वापरले जाणारे शब्द निराळे आहेत : ध्यास, वेड, तळमळ, व्रत, वसा. यांपैकी एकाही शब्दात बोलावणारा नाही. व्रत आणि वसा हे आपणहून घ्यावयाचे असतात, आणि घेतलेला वसा टाकला तर काय होते हे श्रावणातल्या कहाण्या ऐकून वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. वेड आणि तळमळ हे शब्द तर उघडच व्याधीच्या कोशातले आहेत.

याहूनही सूचक आहे तो 'स्वास्थ्य' हा शब्द. स्वस्थ म्हणजे जो आपल्या ठायी स्थिर आहे तो. आणि मराठी चरित्रकार ज्याची थोरवी सांगू इच्छितो, त्याच्याविषयी पहिल्या दोन प्रकरणांतच तो एक वाक्य हटकून लिहितो : समाजाची स्थिती पाहून चरित्रनायक अस्वस्थ झाला. अस्वस्थता हे येथे गौरवाचे विशेषण आहे. स्वस्थ बसणारा तो आळशी. तेव्हा कार्यभावाने स्वास्थ्य वाढते काय, असा प्रश्न मराठीत शब्दशः विचारला तर तो जवळजवळ विरोधाभास ठरतो. परदेशी प्रश्नावल्यांचे मराठी भाषांतर करणाऱ्यांनी या अडचणीकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही, हे जाता जाता नमूद करावयास हवे.

जुन्या परंपरेचा दाखला देऊन काही अभ्यासक ही अडचण सोडवू पाहतात. सावता माळी मळ्यात, नरहरी सोनार पेढीवर, सेना न्हावी आपल्या धोकटीपाशी. ज्याने त्याने आपल्या नेमल्या कामातच ईश्वर पाहिला, आणि काम व समाधान यांतील भेद मिटला, असे प्रतिपादन केले जाते. ते सुंदर आहे. परंतु त्यात दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली, ते काम नेमले कोणी? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात हा मुद्दा निर्णायकपणे मांडला आहे. जातिसंस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. तीत व्यक्तीचा कल वा कुवत न पाहता जन्मावरून धंदा ठरतो. आणि ज्या कामात माणसाचे मन व बुद्धी नाही त्याविषयी तिटकारा व टाळाटाळ उत्पन्न होणे अटळ आहे, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. कार्यभावाच्या आधुनिक सिद्धान्तातील निवडीचे तत्त्व येथे पूर्णपणे येते, आणि तेही अमेरिकेतील पाहण्यांच्या कितीतरी आधी. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा नेमलेल्या कामाचा वाटा खालून कसा दिसतो हे मराठी वाचकाला एका शब्दात कळले.

दुसरी गोष्ट गोरोबाकाकांच्या कथेत आहे. तेरचा हा कुंभार चिखल तुडवीत असता नामस्मरणात इतका तल्लीन झाला की रांगत आलेले स्वतःचे मूल पायाखाली आले हे त्याला कळले नाही. मराठी मनाने ही कथा शतकानुशतके भक्तीच्या पराकाष्ठेची म्हणून ऐकली आहे. परंतु ती तल्लीनतेचा खर्च सांगणारी कथाही आहे. तल्लीन कोण झाला, आणि मूल कोणाचे गेले? कथा रचणाऱ्या लोकमानसाला हा प्रश्न टोचला असला पाहिजे. तसे नसते तर पत्नीचा आक्रोश, तिने घातलेली विठ्ठलाची आण, गोरोबांनी तोडून घेतलेले हात आणि शेवटी पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात परत आलेले हात व मूल, एवढा पसारा कथेला का करावा लागला असता? चमत्काराने हिशेब पुरा केला जातो. ध्येयवादी पुरुषांच्या संसारांत ती सोय नसते.

फाळके यांच्याकडे या दृष्टीने पाहावे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, छायाचित्रण केले, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, मुद्रणाचा धंदा उभारला आणि भागीदारांशी न पटल्याने तो सोडला. १९१०-११ च्या सुमारास गिरगावात ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहताना आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण दिसू लागले, असे त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकातील लेखांत लिहिले. त्यानंतरच्या महिन्यांत त्यांनी मिळेल तो चित्रपट पाहिला, झोप सोडली, आणि दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारी छोटी फीत दाखवून त्यांनी भांडवल मिळविले. तेही बारा हजारांची विम्याची पॉलिसी तारण ठेवून. १९१२ च्या आरंभी ते इंग्लंडला जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

'नवयुग'मधील ते लेख १९१७-१८ सालचे आहेत, ही बाब टीकाकारांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. त्या वेळी 'लंकादहन' नुकतेच गाजले होते. यशाच्या शिखरावरून मागे पाहणाऱ्याला डोळे जाणे हा प्रसंग तपश्चर्येचा वाटतो; प्रत्यक्ष अंधाराच्या दिवसांत तो कसा वाटला असेल, हे त्या लेखांवरून ठरविणे धाडसाचे होईल. कार्यभावाविषयीच्या बहुतेक आत्मनिवेदनांना हाच दोष लागतो. निवेदन पोहोचल्यावर लिहिलेले असते.

आणि फाळके यांच्या बाबतीत पुढचा इतिहास उपलब्ध आहे, म्हणूनच हे उदाहरण विशेष उपयोगी आहे. १९१८ साली भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू झाली. निर्मितीच्या खर्चावर व पद्धतीवर भागीदारांचे नियंत्रण आले, खटके उडू लागले, आणि थोड्याच काळात फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीस निघून गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. पुढे ते परत आले, त्याच कंपनीत पुन्हा काम करू लागले, आणि १९३७ साली कोल्हापुरात 'गंगावतरण' हा एकमेव बोलपट केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. या साऱ्या काळात त्यांची कामावरील निष्ठा कमी झाल्याचे दिसत नाही. बदलली ती काम आपल्या मर्जीने करता येण्याची परिस्थिती. १९१३ चे फाळके आणि १९१९ चे फाळके यांना एकच प्रश्नावली दिली असती, तर कार्यभावाच्या प्रश्नांची उत्तरे बहुधा सारखी आली असती आणि समाधानाच्या प्रश्नांची अगदी उलट. डफी यांचा भेद येथे चपखल बसतो. परंतु त्यात आणखी एक भर घालावी लागेल. ज्याला हाक आलेली नाही तो माणूस असल्या परिस्थितीत नोकरी बदलतो. हाक आलेला काशीस जातो.

या चरित्राच्या कडेला आणखी एक मनुष्य उभा आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा फाळके यांनी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना निवडले. तेथे त्यांना महिना दहा रुपये मिळत. फाळके यांनी पंधरा देऊ केले. भारतीय रजतपटावरील पहिली नायिका अशा रीतीने पाच रुपयांच्या वाढीवर मिळाली. पुढे 'लंकादहन'मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि त्यानंतर ते छायाचित्रणाकडे वळले. त्यांना रजतपटाची हाक ऐकू आली होती, असे म्हणावयास काही आधार नाही. तरी काम झाले, आणि चांगले झाले. ध्यासाच्या कथेत अशा माणसांना विनोदाची जागा मिळते. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटातही ती बहुतांशी तशीच आहे.

तो चित्रपट उत्तम आहे, याविषयी दुमत नसावे. पण त्याची उत्तमता ज्यामुळे साधली आहे, तेच त्याचे मर्यादास्थानही आहे. घरातील वस्तू एकेक करून बाहेर जातात, शेजारी वेड्यात काढतात, आणि सारे कुटुंब हे एखाद्या खेळासारखे हसतखेळत पार पाडते. नाटकाच्या अंगाने जाणाऱ्या या प्रसन्न शैलीने कष्टांचे वजन नाहीसे होते. चित्रपट आरंभीच्या वर्षांपुरताच मर्यादित आहे, म्हणून काशीही त्याच्या चौकटीबाहेर राहते. सरस्वतीबाई फाळके कच्च्या फितीला छिद्रे पाडीत, रसायने कालवीत, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवीत आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत. दागिनेही त्यांचेच गेले. या बाईंना काय वाटत होते? चित्रपटातील सरस्वती हसतमुख व समंजस आहे. पतीचे वेड तिला पटलेले आहे. ते तसे असेलही. पण बाईंचे म्हणणे चरित्रांतून येते ते बहुधा पतीच्या कीर्तीच्या संदर्भात आणि इतरांच्या शब्दांत.

सुदैवाने इतर काही घरांतून ही साक्ष स्वतःच्या शब्दांत आली आहे. मराठीतील आत्मचरित्रवाङ्मयाची ही कदाचित सर्वांत मोठी कमाई आहे, आणि कार्यभावाच्या कोणत्याही अभ्यासात तिचा उपयोग न होणे हे आश्चर्यकारक आहे. धोंडो केशव कर्वे यांनी 'आत्मवृत्त' लिहिले, आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे 'माझे पुराण' १९४४ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. १८९३ चा पुनर्विवाह, मुरुडकरांचा बहिष्कार, १८९६ चा आश्रम, हिंगण्याची झोपडी हे प्रसंग दोहोंत आहेत. अण्णांच्या पुस्तकात आश्रम मध्यभागी आहे आणि घर कडेला. बायांच्या पुस्तकात घर मध्यभागी आहे आणि आश्रम हा जणू घरात येऊन बसलेला, नाही म्हणता न येणारा पाहुणा आहे. कर्वे यांनी आपली विम्याची पॉलिसी आश्रमाच्या स्वाधीन केली. फाळके यांचीही पॉलिसीच गेली होती. हा योगायोग विलक्षण खरा. विमा उतरविला जातो तो मागे राहणाऱ्यांसाठी. ध्येयवादी पुरुष प्रथम हात घालतो तो तेथेच, कारण मध्यमवर्गीय घरात रोख रकमेसारखी दुसरी वस्तू नसते.

बाया कडवट नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या स्वतःही आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या. विधवांचे दुःख त्यांना अण्णांपेक्षा अधिक जवळून ठाऊक होते. त्यांच्या लेखनात विरोध आहे तो कार्याला नव्हे, तर कार्य ठरविण्याच्या बैठकीत आपल्याला जागा नसण्याला. १९५८ साली कर्वे यांना भारतरत्न मिळाले, १९६२ साली वयाच्या १०५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दीर्घायुष्य हे स्वास्थ्याचे माप धरावयाचे तर कार्यभावाच्या बाजूने याहून बळकट पुरावा शोधूनही सापडणार नाही. 'माझे पुराण' वाचलेला वाचक हे माप एका माणसाला लावून थांबणार नाही, इतकेच.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त (१९३४-३६) हीच गोष्ट विनोदाच्या वाटेने येते. नारायण वामन टिळक हे हाकेचे माणूस, आणि त्यांच्या बाबतीत तो शब्द पाश्चात्त्य अर्थानेही लागू आहे. घर सोडून जाणे, असेल ते देऊन टाकणे, १८९५ मध्ये ख्रिस्ती होणे; प्रत्येक वेळी त्यांना आतून आदेश आलेला असे आणि लक्ष्मीबाईंना बातमी नंतर कळे. पाच वर्षांच्या वियोगाचा काळ त्यांनी ज्या शांतपणे सांगितला आहे, तो वाचताना विनोद हे त्यांच्या लेखनाचे भूषण नसून उपाय आहे, हे कळते. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण पतीच्या हाकेमागे ओढल्या गेल्या म्हणून नव्हे. विटाळाची कल्पना आपल्या मनातून स्वतःच्या विचाराने गळून पडल्याचे त्यांनी सांगितले आहे. म्हणजे एकाच घरात दोन हाका, आणि त्यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर. संशोधकांच्या कोष्टकात अशा घरासाठी रकाना नाही.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. ही सर्व उदाहरणे असामान्य पुरुषांची व त्यांच्या स्त्रियांची आहेत. ज्या घरात हाक स्त्रीलाच आली, तेथे काय होते? त्यासाठी दिंडोशीतून दूर जावे लागत नाही. मृणाल गोरे (१९२८-२०१२) यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दल व समाजवादी चळवळीचे काम पत्करले. १९५८ साली पती केशव गोरे यांचे निधन झाले. लहान मुलगी पदरात होती. १९६१ साली त्या गोरेगावातून महापालिकेवर निवडून आल्या, आणि उपनगरातल्या नळांसाठी केलेल्या लढ्यांमुळे 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना कायमचे चिकटले. पुढे प. बा. सामंत व इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालील जमिनीवर सामान्यांना घरे मिळावीत म्हणून दीर्घ झगडा दिला. दिंडोशीचा नागरी निवारा हे त्याचे फळ.

फाळके यांच्याशी तुलना केली तर दोन फरक दिसतात. मृणालताईंचे कार्य एकटीच्या मालकीचे नव्हते. पक्ष फुटले, निवडणुका हरल्या गेल्या, आणीबाणीत तुरुंगवास झाला, तरी कार्य कोणी काढून घेऊ शकले नाही. कारण ते करणाऱ्या बाया शेकडो होत्या आणि लाटणी ज्याच्या त्याच्या घरात होती. दुसरे असे की, या कार्याचे यश नळाला पाणी येते की नाही यावरून दुसऱ्या दिवशी कळत असे. ध्यास जितका अमूर्त, तितका तो माणसाला आतून खातो. ज्याला कळशीचे माप आहे तो थोडा सुसह्य होतो, असे अनुमान या दोन चरित्रांवरून करता येईल. ते सिद्ध करण्यास दोन चरित्रे अर्थातच पुरेशी नाहीत.

आता पुन्हा चित्रनगरीच्या द्वाराकडे. २०२० साली जे यून किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालेतून असे दिसून आले की, एखाद्याला आपल्या कामाची ओढ आहे असे कळले की त्याच्याकडून बिनपगारी वा जादा काम करून घेणे इतरांना अधिक न्याय्य वाटू लागते. त्याला तसेही आवडतेच, हा त्यामागील तर्क. चित्रपटाच्या वेडाने मुंबईस आलेल्या आणि दिंडोशीच्या एखाद्या खोलीत चौघांत राहणाऱ्या तरुणाला हा तर्क कोणत्याही मासिकात वाचावा लागत नाही. पहिले काम नावासाठी करावयाचे, पैशाचे नंतर पाहू, हे वाक्य त्याने अनेकदा ऐकलेले असते.

मराठीने मात्र या तर्कासाठी एक स्वतंत्र शब्दच घडविला आहे : मानधन. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील स्त्री ही 'सेविका'. २००५ नंतर आरोग्य अभियानातून आलेली 'आशा' ही 'स्वयंसेविका'. आणि त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन. शब्दात मान आधी आहे आणि धन मागून. गायकाला किंवा व्याख्यात्याला दिल्या जाणाऱ्या रकमेचे हे नाव दारोदार हिंडून बाळंतिणींच्या नोंदी ठेवणाऱ्या बाईच्या महिन्याच्या कमाईस देण्यात सन्मान आहे असे वरवर वाटते. परंतु ती सेवा म्हटली की कामाचे तास मोजण्याचे कारण उरत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे असा निर्णय देताना, त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे असे ठरविले. भाषेच्या अभ्यासकांनी या निकालाकडे वाङ्मयीन घटना म्हणूनही पाहावयास हरकत नाही. या सेविकांपैकी अनेकींना आपल्या कामाविषयी खरीखुरी आस्था असते, आणि मोर्चाला जाणाऱ्याही त्याच असतात. प्राणिसंग्रहालयाच्या रक्षकांप्रमाणे येथेही आस्था व संताप एकाच मुळातून येतात. आस्था पाहिली की संताप खोटा ठरविणारे, आणि संताप पाहिला की आस्थेवर अविश्वास दाखविणारे, दोघेही चुकतात.

दिंडोशीसारख्या वस्तीत या विषयाची पाहणी व्हावयाची असेल, तर प्रश्नावलीत काही फेरफार अपरिहार्य आहेत. 'माझे काम हे माझे व्रत आहे' या वाक्याला होकार देणारी सेविका आणि होकार देणारा दिग्दर्शक एकच गोष्ट सांगत नाहीत. पहिलीने कदाचित शब्द मान्य केला असेल, दुसऱ्याने जीवनक्रम. म्हणून व्रत, वेड, ध्यास, सेवा, पोटापाण्याचा उद्योग हे शब्द वेगवेगळे ठेवून विचारावे लागतील. विचारणाही एकदाच करून चालणार नाही. पाच-सात वर्षांनी, विशेषतः काम सुटलेल्यांना शोधून काढून, ती पुन्हा करावी लागेल. आणि प्रत्येक प्रश्नावलीची एक प्रत घरातील दुसऱ्या माणसाच्या हाती, तिच्या वा त्याच्या सोयीच्या वेळी, कार्यकर्ता घरी नसताना द्यावी लागेल. 'आत्मवृत्त' व 'माझे पुराण' यांच्यामधील अंतर आकड्यांत आणण्याचा दुसरा मार्ग दिसत नाही.

अशा पाहणीतही काही माणसे कोणत्याच रकान्यात नीट बसणार नाहीत. अण्णा साळुंके यांना ग्रँट रोडच्या उपाहारगृहात तीन वर्णनांचा तो कागद दिला असता तर त्यांनी पहिल्यावर खूण केली असती, याविषयी शंका नको. दहा रुपयांच्या कामाला दुसरे नाव नव्हते. तारामतीचे लुगडे नेसून पंधरा रुपये घेताना त्यांनी कशावर खूण केली असती, हे सांगणे कठीण आहे. आणि पुढे, भूमिका सोडून ते कॅमेऱ्यामागे उभे राहिले, तेव्हा पगार किती होता हा प्रश्न त्यांनी आधी विचारला असेल की नंतर?